ताणावरच्या दोन ओळी

मृगाच्या पावसावर फुललेला मृगबहाराचा संत्रा अकोल्याच्या जठारपेठेत दिसायला लागला की माझं डोकं तापतं. घरातले हे जाणतात आणि त्या दिवसांत माझ्या वाटेला जात नाहीत. माघ संपत आलेला असतो, सकाळच्या उन्हाला अजून धार आलेली नसते, आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीवर पिवळ्या-हिरव्या फळांचा मनोरा उभा राहतो. वर मोठी फळं, खाली बारकी. ही रचना या गल्लीतल्या निम्म्या गाडीवाल्यांना मीच शिकवली आहे. कुणीतरी उभ्या उभ्या एक फळ सोलतं, सालीतला तो कडू वास फवाऱ्यासारखा उडतो, आणि मी पिशवी सावरत पुढे निघते. लोकांना वाटतं, बाईला भाव जास्त वाटला. भावाचं मला कधीच काही वाटलं नाही. मला लाज वाटते.

लाज हा शब्द मी सहजासहजी वापरणारी नाही. ज्या बाईने अकोल्याच्या एसटी स्टँडबाहेर टोपली घेऊन बसण्यापासून सुरुवात केली आणि पुढे अख्ख्या बागा उक्त्या घेतल्या, तिला लाज परवडत नाही. उक्ती बाग म्हणजे झाडावरचं सगळं फळ तोडण्याआधीच, नुसतं नजरेने जोखून विकत घ्यायचं. नंतर ते गळो, किडो, बारीक राहो, घेणाऱ्याचं नशीब. मी त्यात फारशी फसले नाही. नवरा डेपोत नोकरीला, शांत माणूस. घरातलं ओरडणं माझ्या वाट्याला आलं होतं.

त्या ओरडण्याचं कारण मात्र कुणी विचारलं नाही. आमच्या धंद्यात खरा भाव बोलून ठरत नसे. दोघे जण हातांवर दुपट्टा टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगत. भोवती दहा माणसं उभी असली तरी काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. बाईच्या हातात हात कोण देणार? मी पुढे झाले की दुपट्टा परत खांद्यावर जाई आणि सगळे तोंडी बोलू लागत. तोंडी भाव सगळ्यांना ऐकू जातो. त्यावर दुसरा चढतो, तिसरा हसतो. म्हणून मी आवाज चढवायला शिकले. मला भांडखोर म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी कधी तो दुपट्टा माझ्यासमोर धरला असता, तर मीही हळू बोलले असते. हा राग माझा अजून आहे, आणि तो मी सोडणार नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात येई आणि चांगल्या कारणासाठी येत नसे. बाहेरगावच्या गाड्या येत, कॅमेरे येत, प्रश्न विचारणारे येत. कोरडवाहू कापसाच्या गावांत ज्या घरचा माणूस गेला, त्या घराच्या ओसरीपुढे अनोळखी लोकांच्या चपला साचत. मी ते एसटीच्या खिडकीतून पाहिलं. आमची संत्र्याची पट्टी वेगळी. अंजनगावकडून परतवाड्याला निघालं की मेळघाटाचे डोंगर जवळ येऊ लागतात आणि रस्त्याच्या आत बागा सुरू होतात. विहिरी, बोअर, ठिबक. पाणी खोल जात होतं, पण होतं. त्रास आम्हालाही होता. तरी पेपरात येत होतं ते दुःख आमचं नव्हतं. हा फरक वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतो. पुण्यात कळत नाही.

पुण्याच्या बाजारात एका अडत्याकडे मी तेव्हा माल पाठवू लागले होते. पहिल्यांदा गेले तेव्हा चढा भाव सांगितला. तो पाडणार, मी रडणार, आणि मध्ये कुठेतरी दोघं थांबणार, या हिशेबाने. बोलताना मी जपून ‘मला’, ‘तुम्हाला’ असं पेपरातलं बोलत होते. पण भावावर आले आणि तोंडून ‘मले’ निघून गेलं. अडत्याने मान वर केली. विचारलं, ताई, तुम्ही अमरावती-अकोल्याकडच्या का? मी हो म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाला, “राहू द्या ताई. म्हणता तो भाव.”

माझ्या आयुष्यात माझ्याशी कुणी असं वागलं नव्हतं. मी भांडायला तयार होऊन आले होते आणि समोर भिंतच नव्हती. तोल जाऊन पडावं तसं झालं. शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या.

पुढच्या खेपेला गेले तर माझ्या पेट्यांवर पाटी लागलेली. ‘दुष्काळी वऱ्हाडचा गोड संत्रा.’ लोक पाटी वाचत, थोडे गंभीर होत आणि न चाखता घेत. न चाखता. फळाच्या बाजारात उभं आयुष्य गेलं, पण न चाखता संत्री घेणारी माणसं मी तिथेच पाहिली. अडत्या मला समजावत होता, की ताई, झाड जितकं सोसतं तितकं फळ गोड होतं, लोकांना ते पटतं. मला राग यायला हवा होता. आलाही. पण माल दुपारच्या आत संपला, आणि मी त्याला पाटी काढ म्हटलं नाही. आता मी पुण्याला माल पाठवत नाही. कुणी विचारलं तर वाहतूक परवडत नाही म्हणून सांगते.

त्याचं ते बोलणं मला खोटंही वाटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. कारण आमच्याकडे ताण नावाची गोष्ट आहे. संत्र्याला बहार यावा म्हणून शेतकरी काही आठवडे पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात, आणि पाणी तोडलेली बाग ताणावर बसली असं म्हणतात. पानं मलूल होतात, वळतात, बघवत नाही. मग पाणी सोडलं की फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि मैलभर वास येतो. त्रास दिल्याशिवाय झाड देत नाही, ही समजूत आमच्या बोलण्यात मुरलेली आहे. मुलांच्या परीक्षेपासून सुनेच्या सासुरवासापर्यंत आम्ही ती सगळीकडे वापरतो. तेव्हा ताणाने फूल येत असेल तर गोडी का येणार नाही, असं मलाही वाटायचं.

आमच्या वरच्या खोलीत त्या काळात नुसरत भाड्याने राहायची. अचलपूरच्या बागवान घरातली, म्हणजे फळांच्या व्यापाऱ्यांची मुलगी. अकोल्याला शेतकी विद्यापीठात संशोधन करत होती. खोली दाखवली तेव्हा तिने नळाचं पाणी, खिडकीची कडी आणि माझा स्वभाव तिन्ही तपासले आणि भाड्यावरून माझ्याशी अशी हुज्जत घातली की मला बरं वाटलं.

तिचा विषय होता झाडातली साखर. पान उन्हात साखर बनवतं एवढं मला माहीत होतं. तिने सांगितलं की पानात आधी बारीक साखरा बनतात, आणि त्यातल्या दोन वेगळ्या साखरा जोडून मोठी साखर करावी लागते. हीच ती आपल्या चहातली. हीच देठातून, फांदीतून फळापर्यंत जाते. ही जोडणी आपोआप होत नाही. ती करणारी एक वस्तू पेशीत असते, तिला विकर म्हणतात. स्वतः न संपता काम घडवून आणणारी. आणि हा विकर, नुसरत म्हणाली, झाडाचा मूळचा नसावा.

मग कुणाचा, असं मी विचारलं. मी तेव्हा भाकरी थापत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती. तिने सांगितलेली गोष्ट मला इतकी आवडली की तव्यावरची भाकरी करपली. फार फार पूर्वी, झाडं व्हायच्याही आधी, पाण्यातल्या एका पेशीने एका हिरव्या-निळ्या सूक्ष्म जिवाला गिळलं. पचवलं मात्र नाही. तो आत राहिला. उन्हातून अन्न करायची कला त्याची होती. आज प्रत्येक पानातला हिरवा कण म्हणजे त्याचाच वंश. साखर जोडायची विद्याही त्यानेच बरोबर आणली असावी, असं जाणकार मानतात.

“म्हणजे भाडेकरूच की,” मी म्हटलं.

“भाडेकरूच काकू. आला तो गेलाच नाही.”

“भाडं देते का टायमावर?”

“साखर देते ना.”

“मंग राहू दे,” मी म्हटलं. “त्याले नको काढू.”

पुढची गोष्ट तिने तुकड्यातुकड्याने सांगितली, कधी जिन्यात, कधी कपडे वाळत घालताना. विकर कसा बनवायचा याची सूचना पेशीत लिहिलेली असते. कधीतरी चुकून तिची दुसरी प्रत निघते. पहिली प्रत जुनं काम करत राहते, म्हणून दुसरीला चुका करायची मोकळीक मिळते. बहुतेक चुका वाया जातात. एखादी उपयोगी पडते, आणि मग ती प्रत पानाऐवजी फळात काम करू लागते, किंवा मुळात, किंवा थंडीत. अशा प्रती वाढत वाढत एका विकराची अनेक घराणी झाली. गवताच्या कुळात, म्हणजे ज्वारी, ऊस, गहू यांच्यात, एक शाखा अशी आहे जी दुसऱ्या कुठल्या झाडाकडे नाही. मी एवढी वर्षं ज्वारीचं कणीस हातात घेतलं, पण त्याच्या घराण्याची चौकशी कधी केली नव्हती.

“माही आपा अब्बांसोबत दुकानावर बसते,” नुसरत एकदा म्हणाली. “म्हणून मी इथं आहे. मी दुसरी प्रत आहे काकू.” ती हसत होती, पण ते हसण्यासारखं नव्हतं. घरून तिला त्याच बहारापर्यंत मुदत होती. थोरल्या बहिणीचं, आपाचं, लग्न ठरलं होतं. त्यानंतर दुकानावर कुणीतरी लागणार होतं. तेवढ्यात काम झालं तर झालं.

आणि काम अडलं होतं एका बागेपाशी. तिला फळ लागलेली अशी झाडं हवी होती की काहींना पाणी मिळतंय आणि काहींना शेवटपर्यंत मिळत नाही. माती तीच, वय तेच, फरक फक्त ताणाचा. मग दोन्हीकडची पानं तपासून पाहायचं, की तहानलेल्या झाडात तो विकर जास्त जोर लावून जास्त साखर करतो का. कुठलाही बागमालक फळ धरलेल्या झाडाचं पाणी तोडायला तयार नव्हता. फळ बारीक राहतं, गळतं. परतवाड्याच्या अलीकडची एक बाग त्या वर्षी मी उक्ती घेतली होती. म्हणजे तिथलं नुकसान माझं होतं आणि परवानगीही माझीच.

तिने विचारायच्या आधीच मी बोलून मोकळी झाले. “घे चार ओळी,” मी म्हटलं. “तुयासारख्या पोरीले नाही म्हणून कसं चालीन? घरचं तुयं मले मालूम हाये.”

तिचा चेहरा उतरला. असा चेहरा मी कुठे पाहिला नव्हता, पण तो आतून कसा वाटतो हे मला माहीत होतं. त्या क्षणी मी पुण्याचा अडत्या झाले होते. आवाजसुद्धा मी त्याच्यासारखाच हलका केला होता.

“असं नका देऊ काकू,” ती म्हणाली.

“काहून?”

“तुमचं फळ गळलं तर मले तोंड नाही उघडता येणार. सौदा करा माझ्याशी.”

आणि तिने ओढणीचा पदर माझ्या हातावर टाकला. मला क्षणभर कळेना. मग तिची बोटं माझ्या बोटांवर आली. लहानपणी अब्बांबरोबर खेळ म्हणून शिकली होती. तिने चार बोटं दाबली. मी एक दाबलं. तिने तीन दाबली आणि नाक उडवलं. मी बोट मागे घेतलं, जसं घेताना पुरुषांना पाहिलं होतं. फार वेळ आम्ही त्या ओढणीखाली एकमेकींना चिमटे काढल्यासारख्या भांडलो. शेवटी दोन ओळींवर सौदा ठरला. बदल्यात तिने मला दर आठवड्याला साऱ्या बागेची गोडी मोजून द्यायची, म्हणजे तोडा कधी धरायचा ते मला इतरांच्या आधी कळेल. सौदा मला चांगला पडला. तिलाही. एवढ्या वेळात माझा आवाज एकदाही चढला नाही. नवरा शेजारच्या खोलीतून उठून आला आणि दारात उभा राहून म्हणाला, बरं आहे ना सगळं, घर एकदम शांत कसं झालं.

मग त्या दोन ओळींचं पाणी तुटलं. नुसरत दर आठवड्याला अकोल्याहून अकोटमार्गे एसटीने बागेत जायची. तिच्याकडे एक डबा होता; त्यात पानं टाकली की क्षणात गोठत आणि डब्याच्या तोंडातून पांढरा धूर निघे. कंडक्टर तिला चढू देईना. शेवटी तिने त्याला सांगितलं की यात कुल्फीचा मसाला आहे, आणि त्याने घंटी वाजवली. बागेत ती पान तोडून असं घाईने डब्यात टाकी की पाहणाऱ्याला वाटावं पानाला चटका बसला. पान तोडलं की त्यातलं काम बदलायला लागतं, असं तिचं म्हणणं. मी त्या ओळींकडे पाहायचं टाळत असे. पानं होडीसारखी वळली होती. फळं लिंबाएवढी राहून साल अंगाला चिकटली होती. शेजारच्या ओळींतली फळं फुगत होती. तरीही त्या दोन ओळींत उभी राहिले की मला वाटे, गोड होत असतील. एवढं सोसतायत तर होणारच.

तोडा सुरू झाला तेव्हा फाल्गुन लागला होता. निम्मी बाग उतरली होती. फळांचा ढीग बांधावर, त्यावर ताडपत्र्या. दुपारी डोंगराकडून आभाळ काळं झालं. अवकाळी पाऊस त्या दिवसांत येतो, नवल नाही. भिजलेला संत्रा टिकत नाही, दूर जात नाही. म्हणून मजूर ताडपत्र्यांचे दोर आवळू लागले. नुसरत शेवटची पानं घ्यायला आली होती. ती दोन ओळींच्या तोंडाशी नुसती उभी होती. दोन दिवसांनी आली असती सर तर चाललं असतं. आता मुळांना पाणी लागलं की आठवड्यांचा ताण तासाभरात तुटणार होता, आणि तिला दुसरा बहार नव्हता. ती डब्याचं झाकण घट्ट करत राहिली.

मी मजुरांना ओरडून ढिगावरच्या ताडपत्र्या काढायला लावल्या. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. ओळींतल्या झाडांच्या बुंध्यांभोवती त्या पसरून, उतार चरीकडे करून दगड ठेवायचे होते. नुसरत धावत आली.

“ढिगावरची नका काढू काकू. पाऊस आपल्या सौद्यात नव्हता.”

“तुयासाठी कोण करून राहिलं?” मी म्हटलं. “मले पायचं हाये. ताणानं गोडी वाढते का नाही, ते मले पायचं हाये. धर तिकडून.”

मी खरं बोलत होते, आणि तिला ते कळलं असावं, कारण तिने दुसरं टोक धरलं. आम्ही चिखलात गुडघ्यांवर बसून काठ दाबले. पाऊस चांगला झाला. ढीग भिजला. त्यातला बराच माल मी परतवाड्याच्या बाजारात मिळेल तसा काढला. गावात बोललं गेलं की बाईने पोरीसाठी नुकसान सोसलं, मन मोठं आहे बाईचं. ते ऐकून मला आणखीच ओशाळं झालं. मी पुण्याच्या त्या पाटीसाठी केलं होतं. ती खरी निघावी म्हणून. खरी निघाली असती तर मी मान वर करून सांगू शकले असते, की फुकटचं काही घेतलं नाही, आमचा संत्रा खरोखर त्या दुःखाने गोड होतो. कापसाच्या गावांच्या नावावर मी जे घेत होते, ते माझ्या झाडांनी तरी कमावलेलं आहे.

दोन दिवसांनी ऊन पडल्यावर नुसरतने दोन्हीकडची फळं उतरवली. गोडी मोजायचं तिचं यंत्र नळीसारखं होतं. काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावून आभाळाकडे पाहायचं. मी आधी पाहिलं. ताणावरच्या फळाची रेघ स्पष्ट वर होती. “पाय,” मी म्हटलं, “म्हटलं नोतं?” तिने फळं वजन केली, पिशव्यांत भरली आणि गोठलेल्या पानांबरोबर अकोल्याला नेली.

काही दिवसांनी दुपारी ती खाली स्वयंपाकघरात आली. हातात त्या दोन ओळींतली उरलेली संत्री होती, बारकी, दगडासारखी घट्ट. स्टुलावर बसून ती एक सोलू लागली. साल निघता निघत नव्हती. तिचं काम पुरं झालं होतं. पदवीला आता अडचण नव्हती, उत्तर कोणतंही असलं तरी. पुढे तिला ती मिळालीही, आणि आज ती दूरच्या एका कॉलेजात शिकवते. मी विचारलं, की मग काय निघालं.

“विकर दोन्हीकडे सारखाच चालला काकू. ताणाच्या झाडांनी साखर जास्त नाही बनवली.”

“मी सोता पायलं ना. रेघ वर होती.”

“होती. पण फळात साखर तेवढीच आहे. पाणी कमी झालं, म्हणून दाट लागते.” तिने सोललेलं संत्रं मधोमध फोडलं. “तुमच्या या बागेत तरी असंच निघालं. दुसरीकडचं मी नाही सांगू शकत.”

तिने अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी एक फोड तोंडात टाकली. खूप गोड होती. मी ती चावत राहिले, कारण तिच्यासमोर थुंकता येत नव्हती. पुण्याच्या त्या पाटीखाली मी गेलेलं पाणी गोडी म्हणून विकलं होतं, आणि ज्यांचं गेलं ती कापसाची गावंसुद्धा माझी नव्हती.

नुसरत माझ्या तोंडाकडे पाहत होती. “आंबट लागली का काकू?”

“नाही,” मी म्हटलं. “गोड हाये.”